दहा वर्षांची वॉरंटी, पण कशाची?



"वॉरंटी संपली आणि महिन्याभरात मशीन बंद पडलं." हे वाक्य ज्या घरात कधी बोललं गेलं नाही, असं घर आपल्यात शोधून सापडायचं नाही. मंडळाच्या बैठकीत विषय निघाला की एकीचा मिक्सर, दुसरीचा टीव्ही, तिसरीच्या फ्रीजचा डिस्प्ले, अशी यादी वाढतच जाते. कुणीतरी म्हणतं, "आतमध्ये तारीखच घालून ठेवतात गं हे लोक." मग कुणीतरी सासूबाईंच्या तीस वर्षं चाललेल्या मिक्सरची आठवण काढतं. सगळ्या हसतो आणि विषय सोडून देतो.

मला वाटतं, हा विषय हसून सोडण्यासारखा नाही. यात आपल्या घरचा पैसा जातो, तोही दिवाळीला किंवा लेकीच्या लग्नात विचार करून खर्च केलेला. आणि एक धडधाकट वस्तू एका छोट्या भागासाठी भंगारात जाते. म्हणून आज यावर जरा सविस्तर लिहिते.

खरंच तारीख घालतात का?

हा संशय अगदीच हवेतला नाही. १९२४ साली स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हात जगातल्या मोठमोठ्या बल्ब कंपन्यांनी एकत्र येऊन करार केला. फीबस या नावाने तो ओळखला जातो. त्या काळी पंधराशे ते दोन हजार तास चालणारे बल्ब बनत होते. या कंपन्यांनी ठरवलं की बल्ब हजार तासच चालला पाहिजे. कंपन्यांचे बल्ब प्रयोगशाळेत तपासले जायचे आणि ज्याचा बल्ब ठरल्यापेक्षा जास्त टिकायचा, त्या कंपनीला दंड व्हायचा. चांगली वस्तू बनवल्याबद्दल दंड! दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास हा करार मोडला, पण त्याची कागदपत्रं राहिली. त्यामुळे ही दंतकथा नाही, नोंदलेला इतिहास आहे.

तरीही आपल्या मिक्सरमध्ये कुणी घड्याळ लपवून ठेवलंय असं मला वाटत नाही. तशी गरजच नसते. कोणत्याही यंत्राचं बिघडणं साधारण तीन टप्प्यांत होतं. बनवतानाच काही चूक राहिली असेल तर ते पहिल्या काही महिन्यांतच बंद पडतं. त्यानंतर बरीच वर्षं सुरळीत जातात. मग झीज सुरू होते आणि बिघाड पुन्हा वाढतात. कंपनीकडे दुरुस्तीच्या नोंदी असतात, म्हणून कोणता भाग साधारण कधी जातो हे तिला आपल्यापेक्षा फार चांगलं माहीत असतं. वॉरंटी किती द्यायची ते ती त्यावरूनच ठरवते. फुकट दुरुस्तीचा खर्च परवडेल तिथे ती रेघ मारते. आणि भाग जितका स्वस्तातला, तितकी त्याची झीज त्या रेघेच्या जवळ येऊन ठेपते.

आपल्या आठवणीचाही यात थोडा वाटा आहे. पाच वर्षांनी गेलेली वस्तू आपल्या लक्षात राहत नाही, तेराव्या महिन्यात गेलेली जन्मभर राहते. सासूबाईंचा मिक्सर टिकला, पण त्याच काळातले किती मिक्सर भंगारात गेले ते कुणी मोजलं नाही. शिवाय तेव्हा फ्रीज घ्यायचा म्हणजे कित्येक महिन्यांचा पगार लागायचा आणि त्यात बिघडायला फारसं काही नसायचंही. एवढं मान्य करूनही माझा मुद्दा उरतोच, आणि तो वॉरंटी कार्डावरच छापलेला असतो.

कार्डावर काय लिहिलेलं असतं

दुकानात वॉशिंग मशीनवर भलामोठा गोल स्टिकर असतो, "१० वर्षे वॉरंटी". जवळ जाऊन बघा. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, "मोटरवर". एसीवर तेच, "कंप्रेसरवर". फ्रीजवरही तेच. पूर्ण यंत्राची वॉरंटी मात्र बहुतेकदा एक वर्ष किंवा दोन.

आता घरातल्या वस्तू कशाने बंद पडल्या ते आठवा. मोटर जळली असं किती वेळा झालं? बहुतेक वेळा मेकॅनिक म्हणतो, "बोर्ड गेलाय." हा बोर्ड म्हणजे हिरवट पट्टीवर बसवलेलं इलेक्ट्रॉनिक सर्किट. आजच्या वॉशिंग मशीनचं, इन्व्हर्टर एसीचं, मायक्रोवेव्हचं सगळं डोकं त्यात असतं. त्यावर कपॅसिटर नावाचे छोटे दंडगोल असतात. त्यांना उष्णता सोसत नाही. साधारण हिशोब असा की दहा अंश तापमान वाढलं की त्यांचं आयुष्य निम्म्यावर येतं. बाहेर उन्हात टांगलेल्या एसीच्या डब्यात किंवा भिंतीला चिकटवून ठेवलेल्या टीव्हीच्या मागे काय तापमान होत असेल, विचार करा. टीव्हीत तर पडद्यामागच्या दिव्यांची पट्टी असते. तिच्यातले दिवे एकामागोमाग एक जोडलेले असतात, त्यामुळे एक दिवा गेला की कधीकधी सगळा पडदा काळा होतो. आवाज येतो, चित्र नाही.

त्यात आपल्याकडची वीज. लाइट जाते, येताना झटका देऊन येते. शेताजवळच्या वस्तीत व्होल्टेज कधी खाली, कधी वर. आणि वॉरंटीच्या अटींत बहुतेकदा लिहिलेलं असतं की विजेच्या चढउताराने झालेलं नुकसान धरलं जाणार नाही. पाल, मुंग्या, झुरळं आत शिरल्याने झालेलं नुकसानही नाही. म्हणजे आपल्या घरात बोर्ड ज्या कारणांनी जातो, त्यातली बरीचशी आधीच वगळलेली!

पाण्याच्या प्युरिफायरचंही तसंच. पाणी गाळून घ्यायची सवय आपल्या घरांत पिढ्यानपिढ्यांची आहे, आणि आता गाळण्याच्या जोडीला प्युरिफायरही आलाय. त्याच्या कार्डावर यंत्राला एक वर्ष असतं, पण जो भाग सगळ्यात आधी बदलावा लागतो तो फिल्टर आणि मेम्ब्रेन "झिजणारे भाग" म्हणून बऱ्याचदा बाहेर ठेवलेले असतात.

माझं म्हणणं एवढंच आहे. वॉरंटी कार्ड म्हणजे कंपनीचा स्वतःच्या वस्तूवर कुठे किती विश्वास आहे, त्याचा कबुलीजबाब. मोटरवर दहा वर्षं विश्वास आहे, बोर्डवर एक वर्ष. मोठी अक्षरं आपल्याला विश्वास दाखवतात, बारीक अक्षरं खरं सांगतात. आपण मोठी अक्षरं वाचून पैसे देतो.

आमचं वॉशिंग मशीन

आमच्याकडचं मशीन दोन वर्षं पूर्ण होऊन तिसऱ्या महिन्यात बंद पडलं. बटण दाबलं की दिवा लागायचा, पाणी भरायचं आणि तिथेच थांबायचं. सर्व्हिस सेंटरचा मुलगा आला, पाच मिनिटांत म्हणाला, "वहिनी, मोटर एकदम चांगली आहे. बोर्ड बदलावा लागेल." किंमत ऐकली तर नव्या मशीनच्या जवळजवळ तिसरा हिस्सा. दुरुस्त होणार नाही का, विचारलं, तर "आम्ही दुरुस्त करत नाही, बदलतो." जाताना त्याने नव्या मशीनच्या एक्स्चेंज ऑफरचा कागदही ठेवला.

तो बोर्ड मी हातात घेऊन बघितला. त्यावर जाड, चिकट पदार्थ ओतून तो पूर्ण बुजवलेला होता. ओलावा जाऊ नये म्हणून तसं करतात आणि ते बरोबरही आहे. पण त्यामुळे आतला एखादा छोटा भाग बदलायचा तरी तिथपर्यंत पोचणं अवघड होऊन बसतं. आमच्या गल्लीच्या टोकाला टीव्ही दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांनी दोन दिवस ठेवून घेतला, तो थर हळूहळू खरवडला, एक भाग बदलला आणि नऊशे रुपये घेतले. मशीन आजही चालतंय. चांगली मोटर, चांगला ड्रम, चांगली बॉडी, आणि नऊशे रुपयांच्या कामासाठी हे सगळं भंगारात जाणार होतं.

असे काका प्रत्येक गावात होते. आता कमी होत चाललेत. कारण कंपनी त्यांना भाग विकत नाही, सर्किटचा नकाशा देत नाही, आणि आपणही "जाऊ दे, नवीन घेऊ" म्हणून त्यांच्याकडे जात नाही.

हे आपल्या घरचंही आहे

आता थोडं अवघड बोलते. आपल्या समाजात दुकानदारी मोठी आहे. भांड्यांची, कापडाची, किराण्याची, तशी इलेक्ट्रॉनिक्सचीही दुकानं आपल्याच भावांची, दिरांची, जावयांची आहेत. म्हणून हा प्रश्न फक्त "त्या कंपन्यांचा" नाही.

अचौर्य व्रताचे जे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितलेत, त्यात मापात खोट करणं हा एक आहे, आणि अस्सल म्हणून हलकी वस्तू खपवणं हा दुसरा. लहानपणी पाठशाळेत हे शिकताना आपल्या डोळ्यांसमोर तराजू यायचा, दुधात पाणी घालणारा यायचा. आज माप वर्षांत सांगितलं जातं. "दहा वर्षांची वॉरंटी आहे ताई, डोळे झाकून घ्या," असं म्हणून एक वर्षाची वॉरंटी देणं हे कमी मापच नाही का? दुकानदाराने कार्ड छापलेलं नाही, हे खरं. पण तोंडाने सांगणारा तोच असतो. कायद्यातून सुटता येईल एवढी बारीक अक्षरं कंपनीने छापली असतील, व्रताला बारीक अक्षरं नसतात.

आणि अपरिग्रह घेणाऱ्याच्या बाजूलाही लागू होतो. घरात वस्तू किती आहेत, एवढाच त्याचा अर्थ मला पुरत नाही. दर तीन वर्षांनी एक मशीन टाकून दुसरं आणलं तर घरात दिसताना एकच मशीन दिसतं, पण दहा-बारा वर्षांत आपल्या नावावर चार मशीनं होतात. टाकलेली तीन कुठेतरी असतातच. भंगारवाला नेतो, तांबं काढायला तारा उघड्यावर जाळल्या जातात, उरलेलं माती-पाण्यात जातं. तिथल्या जीवांचा हिशोब आपल्या घराबाहेर झाला म्हणून तो आपला राहत नाही, असं कसं म्हणता येईल?

"पण दुरुस्तीपेक्षा नवीन स्वस्त पडतं," असं घरातली मुलं म्हणतात. कधीकधी पडतंही. पण दुरुस्ती महाग का असते? बोर्डाची किंमत कंपनी ठरवते आणि नवीन मशीनवरची सूटही तीच ठरवते. हा बाजारभाव आपोआप ठरलेला नाही. तो तसा मांडून ठेवलाय.

मग करायचं काय?

मी स्वतः आता या गोष्टी पाळते, तुम्हीही बघा.

एक, दुकानात पहिला प्रश्न "वॉरंटी किती?" असा विचारायचा नाही. "बोर्डाची वॉरंटी किती?" असं विचारायचं. एसी असेल तर गॅस भरण्याचंही विचारायचं. काही कंपन्या बोर्डाला पाच वर्षं देतात. तेवढ्यासाठी थोडे पैसे जास्त गेले तरी ते वाया जात नाहीत. सांगतील ते कार्डावर दाखवायला सांगायचं.

दोन, पैसे देताना काउंटरवर जी वाढीव वॉरंटी गळ्यात मारतात, ती कंपनीची आहे की दुसऱ्याच कुणाची, आणि तिच्यात बोर्ड, वीज आणि कीटक धरलेत का, ते वाचल्याशिवाय घ्यायची नाही.

तीन, पक्कं बिल. जीएसटी वाचवायला साध्या कागदावर घेतलेली वस्तू म्हणजे वॉरंटी हातातून सोडलेली वस्तू. मागूनही बिल न देणं ही ग्राहक कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. थर्मल कागदावरचं बिल वर्षभरात पुसट होतं, म्हणून त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा.

चार, वॉरंटी संपायच्या महिनाभर आधी कॅलेंडरवर खूण करायची. त्या आठवड्यात मशीनचे सगळे प्रोग्राम चालवून बघायचे. थोडा वेगळा आवाज, मधेच थांबणं, डिस्प्ले लुकलुकणं, काहीही वाटलं तर लगेच तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवायचा. बिघाड वॉरंटीत असतानाच सुरू झाला होता, याचा तो पुरावा होतो.

पाच, यंत्राची काळजी. व्होल्टेज वरखाली होणाऱ्या भागात स्टॅबिलायझर, टीव्ही-फ्रीजच्या मागे हवा खेळायला जागा, आणि एसीच्या बाहेरच्या युनिटमध्ये पाल-मुंग्या शिरायला वाट राहिली नाही ना, हे बसवणाऱ्याकडून बघून घेणं. बोर्डवर पाल गेली की बोर्डही जातो आणि तो जीवही जातो. आत शिरूच न देणं हाच यत्नाचार. मात्र हवेची जाळी बुजवायची नाही.

सहा, वॉरंटी संपल्यावरही तोंड मिटून बसायचं नाही. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. तिथे मराठीत बोलता येतं. कंपनीने दाद दिली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२०पासून लागू झाला. त्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील लागतोच असं नाही, आणि वस्तूसाठी दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायला हवं. दोष मुळातच बनावटीत होता, हे वॉरंटीनंतर सिद्ध करणं सोपं नसतं, हेही सांगून ठेवते. म्हणून मेकॅनिकने "बोर्ड गेला" असं तोंडी सांगितलं तर ते कागदावर, सही-तारखेसह मागायचं. गरज पडली तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायलाही पाठवू शकतो.

मागणी मात्र मोठी हवी

घरातली काळजी घेऊन हा प्रश्न अर्धाच सुटतो. युरोपीय संघात विकलेल्या वस्तूची किमान दोन वर्षांची जबाबदारी विक्रेत्यावर कायद्यानेच असते, कार्डावर काहीही छापलेलं असो. २०२१पासून तिथे वॉशिंग मशीनचे महत्त्वाचे सुटे भाग मॉडेल बंद झाल्यावरही दहा वर्षं उपलब्ध ठेवावे लागतात. फ्रान्समध्ये त्याच वर्षापासून टीव्ही, वॉशिंग मशीन, मोबाइल अशा काही वस्तूंवर, ती दुरुस्त करायला किती सोपी आहे याचे दहापैकी गुण छापायला सुरुवात झाली. गिऱ्हाईकाला किंमत बघता येते तसे गुणही बघता येऊ लागले.

आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी पोर्टल सुरू केलं. मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर असे दुरुस्तीचे गुण द्यायचे का, यावर नेमलेल्या दुसऱ्या समितीने २०२५मध्ये अहवालही दिला. पाऊल योग्य दिशेने आहे, पण आपल्या गावातल्या दुकानात अजून ते पोचलेलं नाही. फ्रीज किती वीज खातो ते ताऱ्यांवरून कळतं. तो किती वर्षं टिकेल आणि बिघडला तर त्याचा बोर्ड मिळेल का, हे कुठल्याच ताऱ्यावरून कळत नाही.

माझं स्पष्ट मत आहे की मोठ्या अक्षरात वॉरंटी छापायची असेल तर ती पूर्ण यंत्राची छापावी. मोटरची दहा वर्षं सांगायची असतील तर बोर्डाचं एक वर्षही तेवढ्याच मोठ्या अक्षरात, शेजारी. आणि सुटे भाग गल्लीतल्या काकांनाही विकत मिळावेत.

हे आपण मागितल्याशिवाय होणार नाही. घरातली ही खरेदी बहुतेक आपल्या पसंतीने होते, हे दुकानदाराला चांगलं ठाऊक आहे. रंग आपण विचारतो, लिटर विचारतो, हप्ता विचारतो. त्यात एक प्रश्न वाढवू या. एका दुकानात एका आठवड्यात दहा जणींनी "बोर्डाची वॉरंटी किती?" असं विचारलं, तर अकराव्या दिवशी तो दुकानदार कंपनीच्या माणसाला तेच विचारेल. आणि ज्यांच्या घरचंच दुकान आहे, त्या मैत्रिणींनी आज रात्री जेवणं झाल्यावर घरच्यांजवळ हा विषय काढावा, एवढी विनंती.